महालनोबिस यांची दुसरी मोजणी

काही संगणकव्यवस्था अशा असतात की त्यांत परवानगीने शिरता येते, पण आतून काहीही बाहेर नेता येत नाही. करदात्यांची विवरणपत्रे, रुग्णालयांतल्या नोंदी, घरोघरच्या पाहणीत लोकांनी विश्वासाने सांगितलेले उत्पन्न आणि कर्ज असा खासगी ऐवज तिथे ठेवलेला असतो. संशोधक आपला प्रोग्रॅम आतच चालवतो. बाहेर येतात ते फक्त तक्ते, तेही त्यातून कुणा एका माणसाची ओळख फुटत नाही ना, हे पाहिल्यावर. वाचकाच्या हाती तो शेवटचा तक्ता तेवढा पडतो. तो बरोबर आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? फ्रान्समध्ये यासाठी कॅस्कॅड नावाची संस्था आहे. तिचे तपासनीस अशा बंद व्यवस्थेत जातात, मूळ माहितीवर लेखकाचाच प्रोग्रॅम पुन्हा चालवतात आणि छापलेला आकडा निघतो की नाही, ते सांगतात.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. भारतात त्याच्याशी सर्वांत चिकाटीने झुंजले ते प्रशांतचंद्र महालनोबिस. २९ जून हा त्यांचा जन्मदिवस २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी त्यांचे नाव दुसऱ्या पंचवार्षिक योजनेशी जोडून घेतले जाते आणि विषय संपतो. योजनेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, इथे तिला हात लावत नाही. इतरांचे आकडे आणि स्वतःचेही आकडे पुन्हा तपासण्याची जी सवय त्यांनी आयुष्यभर सांभाळली, तिची ही गोष्ट आहे.

महालनोबिस यांचा जन्म १८९३ सालचा, कोलकात्यातल्या एका ब्राह्मो कुटुंबातला. प्रेसिडेन्सी कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय तेव्हा तिथे शिकवत होते. १९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले ते लंडन विद्यापीठात नाव घालायला. सहज केंब्रिज पाहायला गेले असता परतीची शेवटची गाडी चुकली, रात्री एका मित्राकडे मुक्काम पडला आणि त्या मित्राच्या सल्ल्याने त्यांनी तिथल्याच किंग्ज कॉलेजात प्रवेश घेतला. रामानुजन तेव्हा केंब्रिजमध्येच होते, दोघांची ओळखही झाली. १९१५ मध्ये मायदेशी निघताना युद्धामुळे बोट लांबली. रिकाम्या दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांच्या एका शिक्षकांनी त्यांना 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे अंक दाखवले. महालनोबिस यांनी सगळे अंक विकत घेतले आणि बोटीवर वाचत आले. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला संख्याशास्त्राचा नाद लागला तो असा.

त्यांच्या हाती पहिले मोठे काम आले ते नागपुरात. १९२० मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन तिथे भरले होते. प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन अॅनंडेल त्यांना भेटले. कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे अॅनंडेल यांनी घेऊन ठेवली होती. त्यांचे काय करायचे, असा त्यांचा प्रश्न होता. महालनोबिस यांनी उंचीच्या मापांपासून सुरुवात केली आणि १९२२ मध्ये निष्कर्ष छापले. दुसऱ्याने घेतलेली मापे आपण वापरतो तेव्हा ती कितपत विसंबण्याजोगी आहेत, हा प्रश्न त्यांच्या मागे लागला तो याच कामातून.

त्या विषयातले सर्वांत वजनदार नाव होते हर्बर्ट रिस्ले. बंगालमधल्या जाती-जमातींची डोकी आणि नाके मोजून रिस्ले यांनी १८९१ मध्ये आकड्यांचे खंड प्रसिद्ध केले होते. नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड ओळखता येते, असे त्यांचे मत होते. पुढे १९०१ च्या जनगणनेची सूत्रेही त्यांच्याच हाती होती. अशा माणसाच्या आकड्यांकडे निव्वळ शास्त्रीय कुतूहल म्हणून पाहता येत नव्हते. त्यांच्यावरून माणसांची प्रतवारी लावली जात होती.

रिस्ले यांच्या सिद्धान्तावर महालनोबिस यांनी आधी मत दिले नाही. त्यांनी बेरजा तपासल्या. 'संख्या' हे नियतकालिक त्यांनी १९३३ मध्ये सुरू केले आणि त्याच्या पहिल्याच खंडात रिस्ले यांच्या मापांची दुरुस्ती करणारा लेख छापला. लांबी आणि रुंदी छापलेली असेल तर त्यांचे गुणोत्तर आपल्यालाही काढता येते. ते छापलेल्या गुणोत्तराशी जुळले नाही, तर तिघांपैकी एक आकडा चुकलेला असतो. सरासरी वैयक्तिक मापांशी जुळली नाही, तर बेरजेत किंवा छपाईत घोटाळा असतो. आतल्या आत मिळणाऱ्या या पुराव्यावरून चुका शोधायच्या, ज्या सिद्ध होतात त्या दुरुस्त करायच्या, असे हे कंटाळवाणे काम होते. अशा कामाला त्याही काळी कोणी हार घालत नव्हते. दोन समूहांमधले अंतर अनेक मापांवरून एकत्रित काढण्याची जी रीत आज जगभर 'महालनोबिस अंतर' म्हणून शिकवली जाते, तिचा १९३६ चा प्रसिद्ध लेख याच शरीरमापांच्या अभ्यासातून आला.

योगायोगाने त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी मेंडेल यांचे वाटाण्याचे जुने आकडे तपासले. अपेक्षित प्रमाणाशी ते इतके नेमके जुळतात की केवळ योगायोगाने तसे होणे अवघड आहे, असे त्यांनी दाखवले. वर्ष-दीड वर्षाने फिशर कोलकात्यात आले आणि १९३८ च्या जानेवारीत महालनोबिस यांनी भरवलेल्या पहिल्या संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

मधल्या काळात सरकारने त्यांच्याकडे पुराचे कागद सोपवले होते. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला, तेव्हा अभियंत्यांच्या समितीने पाणी अडवून धरणारे खर्चिक जलाशय सुचवले. महालनोबिस यांनी सुमारे ५० वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी चाळल्या. अशा जलाशयांचा तिथे उपयोग नाही, अडचण पाण्याच्या निचऱ्याची आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९२६ मध्ये ओडिशातल्या ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचे पात्र वर आले आहे, सबब तटबंध काही फूट उंच करावेत, असे तज्ज्ञांनी ठरवले होते. महालनोबिस यांनी ६० वर्षांच्या नोंदी मांडल्या आणि पात्र वर आल्याचा पुरावा त्यांत नाही, हे दाखवले. दोन्ही वेळा नवीन मोजमाप जवळजवळ करावे लागलेच नाही. लागणारे कागद सरकारी दप्तरांतच पडून होते. बाहेरच्या माणसाला ते उघडू दिले, एवढेच काय ते नवे घडले.

भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, १७ डिसेंबर १९३१ रोजी स्थापन झाली ती प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत. पहिल्या वर्षाचा खर्च होता २३८ रुपये.

संस्थेचा खरा कस लागला तो तागाच्या पिकावर. बंगालमध्ये किती ताग पिकणार, यावर शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि कोलकात्याच्या गिरण्यांचा धंदा अवलंबून असे. आपल्याकडे तलाठी असतो, शेतवार पाहणी होते, आणेवारीवर गावोगाव वाद घालायला निदान काही कागद तरी असतो. बंगालमध्ये कायमधाऱ्यामुळे असे गावपातळीवरचे महसुली दप्तरच नव्हते. पिकाचा अंदाज गावच्या चौकीदाराच्या सांगण्यावरून वर जाई. महालनोबिस यांनी १९३७ पासून लहान प्रमाणावर प्रयोग सुरू केले आणि दरवर्षी व्याप वाढवत १९४१ मध्ये सगळ्या प्रांतावर नमुना पाहणी केली. यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, जमिनीचे लहान लहान तुकडे निवडायचे आणि तेवढेच पाहायचे. सरकारने प्रत्येक शेत मोजून केलेल्या गणनेपेक्षा व्यापाराच्या प्रत्यक्ष आकड्यांना ही पाहणी अधिक जवळ आली, तीही साधारण दहाव्या हिश्श्याच्या खर्चात.

थोडे मोजून जास्त अचूक उत्तर कसे येते, हे अनेकांना पटेना. महालनोबिस यांचे म्हणणे होते की चुका दोन जातीच्या असतात. नमुना लहान म्हणून येणारी चूक गणिताने काढता येते. दुसरी माणसाच्या हातून होते: शेतात न जाता झाडाखाली बसून फॉर्म भरणे, आकडा उतरवताना अदलाबदल, प्रश्न विचारताना उत्तर सुचवणे. मोजणी जितकी अवाढव्य, तितकी नवशिक्यांची फौज मोठी आणि ही दुसरी चूक मोठी. शिवाय एका गावाला एकच माणूस जात असेल, तर ती चूक दिसतसुद्धा नाही.

म्हणून त्यांनी एक युक्ती केली. एकाच प्रदेशातून दोन किंवा अधिक वेगवेगळे नमुने काढायचे, एकमेकांत गुंफलेले. एका शेतावर दोन जाळी पसरावीत तसे. प्रत्येक नमुना वेगळ्या माणसांनी पाहायचा, त्याची आकडेमोडही वेगळी करायची आणि शेवटी दोन्ही उत्तरे शेजारी ठेवायची. कोलकात्याजवळच्या जगद्दल भागात गिरणी कामगारांची पाहणी झाली तेव्हा पाच पाहणीदार होते आणि प्रत्येकाकडे त्याच वस्तीतला स्वतंत्र नमुना होता. एखाद्याची उत्तरे बाकीच्या चौघांपेक्षा हटकून वेगळी येऊ लागली, तर वस्ती तीच असल्यामुळे शंका माणसावरच येते. पाहणी संपल्यावर तपासनीस पाठवण्यापेक्षा तपासणी पाहणीच्या पोटातच बसवायची, हा त्यातला विचार होता. पाहणीदारांना तो सुखाचा वाटला असेल, असे मानण्याचे कारण नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या एका व्यवस्थेकडे महालनोबिस यांनी लक्ष वेधले होते. गावातली घरे, जनावरे, शेते यांची नोंद गोप नावाचा अधिकारी ठेवी आणि गृहस्थाच्या वेषातले गुप्तचर तीच माहिती स्वतंत्रपणे गोळा करून पडताळत. ताग मोजणाऱ्या दुसऱ्या जाळ्याशी या गुप्तचरांचे नाते त्यांना उघडच दिसत होते.

एवढी काळजी कशासाठी, याचे उत्तर १९४३ ने दिले. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. किती धान्य आहे आणि ते कुठे आहे, याचे भरवशाचे आकडे सरकारजवळ नव्हते. दुष्काळानंतर १९४४-४५ मध्ये महालनोबिस यांच्या संस्थेने ग्रामीण बंगालमधल्या १५ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. भातशेती असलेल्या कुटुंबांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने त्या काळात जमीन पूर्ण किंवा काही अंशी विकली होती किंवा गहाण टाकली होती. मेलेल्यांची मोजणी अनेकांनी केली होती. जगलेल्यांचे काय झाले, ते या पाहणीने सांगितले.

आता या युक्तीची मर्यादा. दोन पाहणीदारांपैकी एक चुकला तर ती पकडते. दोघेही एकाच पद्धतीने चुकले तर दोन्ही उत्तरे छान जुळतात आणि दोन्ही चुकीची असतात. नेमका हाच वाद उभा केला एका मराठी माणसाने. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेलेले आणि कुपोषणाच्या निकषांवरून वि. म. दांडेकर यांच्याशी झालेल्या वादामुळे आरोग्याच्या वाचकांना माहीत असलेले, तेच हे सुखात्मे. त्या काळी ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते.

वाद होता पीक कापणी प्रयोगाचा. शेतातला एक छोटा तुकडा आखून तेवढेच पीक कापायचे, तोलायचे आणि त्यावरून उत्पन्न काढायचे. महालनोबिस यांची माणसे काही फूट त्रिज्येचे लहान वर्तुळ कापत. सुखात्मे यांचा आक्षेप असा की तुकडा लहान असला की उत्पन्न फुगून येते, कारण रेषेवर उभे असलेले रोप कापणारा माणूस नकळत आत धरतो. कागदावर गणित करून पाहा: वर्तुळाची त्रिज्या २ फूट असेल आणि चहूबाजूंनी एक इंच जास्त कापले गेले, तर क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढते. त्रिज्या २० फूट असेल तर त्याच एका इंचाने एक टक्काही वाढत नाही. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये हा मुद्दा मांडला. अगदी लहान तुकडे दगा देतात, हे महालनोबिस यांनाही त्यांच्या प्रयोगांतून ठाऊक होते. त्यांचे म्हणणे होते की ठरावीक आकाराच्या वर कापले, साधन नीट वापरले आणि माणसे शिकवली, तर लहान तुकडा चालतो, शिवाय त्याच खर्चात जास्त शेते पाहून होतात. दोघेही मोठे आणि दोघेही हट्टी. कोलकात्याच्या गुंफलेल्या जाळ्यांतून ही चूक दिसणे शक्य नव्हते, कारण दोन्ही जाळ्यांतली माणसे एकाच मापाचे वर्तुळ घेऊन निघत होती. ती दिसायला दिल्लीत बसलेला, वेगळी पद्धत वापरणारा माणूस लागला. स्वातंत्र्यानंतरही राष्ट्रीय नमुना पाहणीचे धान्योत्पादनाचे आकडे कृषी खात्याच्या आकड्यांपेक्षा वरचढ येत राहिले आणि वाद लांबत गेला.

ती राष्ट्रीय पाहणी सुरू झाली १९५० मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात भरलेल्या विज्ञान परिषदेचे अध्यक्ष महालनोबिस होते. पुण्याचा संबंध तेवढ्यावर थांबला नाही. पाहणीच्या पहिल्या फेरीसाठी १,८३३ गावे निवडली होती. त्यांपैकी १,१८९ गावांत कोलकात्याने तयार केलेली प्रश्नावली वापरली गेली, तर ६४४ गावांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने तयार केलेली. पुण्याच्या प्रश्नावल्यांचा अहवाल गोखले संस्थेतून स्वतंत्रपणे निघाला, तो दांडेकर यांनी लिहिला. एकच देश, एकच वर्ष, प्रश्न विचारण्याच्या दोन रीती. सगळ्या प्रश्नावल्या एकाच ठिकाणी बनवण्याचा सोपा मार्ग उपलब्ध असताना हे घडले, याचे श्रेय दोन्ही शहरांना द्यायला हवे.

पाहणीचे फॉर्म जमू लागले तसा आकडेमोडीचा डोंगर वाढला. सुरुवातीला हाताने फिरवायची गणकयंत्रे आणि पंच कार्डे होती. कार्डांतही दुसरी मोजणी होतीच: एकाने भोके पाडायची, दुसऱ्याने मूळ फॉर्म समोर ठेवून तोच मजकूर पुन्हा दाबायचा, जुळले नाही की यंत्र अडते. १९५६ मध्ये इंग्लंडहून एचईसी-टूएम हा संगणक आला, तो भारतातला पहिला अंकीय संगणक. त्यामागोमाग सोव्हिएत संघाकडून उराल आला.

महालनोबिस यांच्या कामावरचा एक आक्षेप मला रास्त वाटतो. पाहणीचा आराखडा त्यांच्या संस्थेचा, आकडेमोड तिची, अहवालही तिचेच. अहवाल निघायला कधी कधी वर्षे लागत. लोकांनी दिलेली माहिती गुप्त ठेवणे आवश्यकच होते, १९५३ च्या कायद्यानेही सांख्यिकीसाठी गोळा केलेल्या माहितीला तसे संरक्षण दिले होते. पण त्या गुप्ततेबरोबर टीकाकारांच्या हातूनही मूळ नोंदी निसटल्या. बाहेरच्या अभ्यासकाला छापलेले तक्ते मिळत, ज्या कार्डांवरून ते निघाले ती मिळत नसत. जो माणूस रिस्ले यांचे खंड उघडून बेरजा तपासू शकला, कारण रिस्ले यांनी एकेका माणसाची मापे छापली होती, त्याच्या स्वतःच्या पाहण्यांवर तशी तपासणी करणे बाहेरच्यांना अवघड होते. त्यावर त्यांनी दिलेला उतारा असा की दोन उपनमुन्यांची उत्तरे अहवालात वेगवेगळी छापायची. दरवाजा बंद राहिला तरी दोन आकड्यांमधली तफावत वाचकाला दिसे. तफावत मोठी असली की वाचक सावध होई, आणि अशा तफावती त्या अहवालांत दडवलेल्या नाहीत.

१९७० मध्ये पाहणीचे सगळे काम सरकारी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण संघटनेकडे गेले. २८ जून १९७२ रोजी, ७९ वा वाढदिवस एका दिवसावर असताना, महालनोबिस कोलकात्यात वारले. १९९९ च्या धोरणानंतर राष्ट्रीय पाहणीच्या कुटुंबवार नोंदी, नावे आणि ओळख काढून टाकून, अभ्यासकांना मिळू लागल्या. गरिबी, आजारपणाचा खर्च, आहार यांवर आज जो अभ्यास होतो, त्यातला बराच या नोंदींवर उभा आहे आणि एकाने काढलेला आकडा दुसरा घरी बसून तपासू शकतो. गुंफलेली जाळीही शाबूत आहेत. केंद्राचे पाहणीदार ज्या फेरीत महाराष्ट्रातल्या गावांत जातात, त्याच फेरीत राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे कर्मचारी तीच प्रश्नावली घेऊन वेगळ्या गावांत जातात. केंद्राचा नमुना आणि राज्याचा नमुना वेगवेगळे निघतात आणि नंतर शेजारी ठेवले जातात.